सदतिसावा

झुरा म्हणाला, पायरीखाली आडवा पड,
खालून घेतलास की मी उंच दिसतो.
पडलो. रुस्तावीच्या बंद सिनेमागृहासमोर,
थंडगार संगमरवरावर कोपरं सोलवटत,
मामाचा झेनिट डोळ्याला लावून.

सहा पायऱ्या.
आधी चाकांची खडखड येते,
मग बूट, मग नुसतं आभाळ, मग धप्प.
माझा खटका दरवेळी धप्पच्या अलीकडे नाहीतर पलीकडे.
तेकला वरून ओरडते, किती उरले?
नऊ.
चार.
रोल महाग झालाय, पण गुडघ्याला कोण सांगणार?

छत्तिसाव्यात फळी एकटीच आहे,
झुरा चौकटीबाहेर कुठेतरी शिव्या देतोय.

रोल मागे गुंडाळून मी खिशात टाकला होता.
दिवे लागले होते. सूर्यफुलाच्या बिया विकणाऱ्या बाई
टोपली झाकत होत्या.
आणि हा, सुजलेला घोटा घेऊन, परत वर.

आला.
फळी हवेत पुरी फिरली, पायाखाली सापडली,
चारही चाकं एका दमात बोलली,
आणि झुरा उभा. नुसता उभा.
रिकाम्या कॅमेऱ्याचा खटका मी दाबला.
आला का?
आला.

आता तो पोलंडात, कुठल्याशा गोदामात खोकी रचतो.
तो फोटो शोधलास का, विचारतो.
मी पडण्यातले पाठवत राहतो एकेक.
एकात तेकलाचं हसू हललंय,
एकात त्या बाईंची बियांनी भरलेली ओंजळ.
हा त्याच्या आधीचा ना? तो लिहितो.
हो, मी लिहितो. अगदी आधीचा.