हातचा

एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी
पालकांना बोलावलं होतं शाळेत, सोहारला.
एसीच्या घरघरीवर आवाज चढवत शीजा मिस म्हणाल्या,
यंदा ओळीखाली बोट ठेवून वाचणं बंद.
यंदा पाढे, घड्याळ, दिशा, नकाशे,
अरबीचे तास वाढतील.
दप्तर स्वतःचं स्वतः भरू द्या. चुकू द्या.
आणि तीन आकडी वजाबाकीत
हातचा विसरतात सगळीच.
ओरडायचं नाही.

मी लिहून घेतलं सगळं
सुपरमार्केटच्या पावतीमागे.
संतोष अॅल्युमिनियमच्या भट्टीवर, रात्रपाळीला.
त्यालाही दाखवायचं होतं.

पहिल्याच आठवड्यात मृण्मयीनं भरलेल्या दप्तरातून
टीव्हीचा रिमोट शाळेत गेला
आणि डबा घरी राहिला.
बसवाला करीमबख्श दुपारपर्यंत हसत होता.

मेच्या शेवटी तिनं नाव लिहिलं
उजवीकडून डावीकडे.
अरबीत बाणातला ण नसतोच.
मग काय केलंस गं?
नळातल्या न वर भागवलं, म्हणाली,
कोथिंबीर संपल्यावर
पुदिना टाकावा तितक्या सहज.

साताचा पाढा दोनदा पाठ झाला.
इंग्रजीत वर्गासाठी,
मराठीत मिरजेच्या आजोबांसाठी, फोनवर.
साती सक बेचाळीस म्हणताना
मान डोलते तिची.
इंग्रजीत डोलत नाही.
घड्याळही दोन शिकली:
इथं आठ वाजले की तिथं साडेनऊ,
म्हणजे आजोबांनी कवळी
वाटीत काढून ठेवली असणार,
आता फोन नको.

नोव्हेंबरात अन्सियाची जागा रिकामी झाली.
वडिलांचं काँट्रॅक्ट संपलं,
चौदा दिवसांत घर गुंडाळून
कन्नूरला गेले सगळे.
जाताना ती अर्धी झिजलेली मांजराची खोडरबर देऊन गेली.
हे पावतीमागे नव्हतं.
मी पुन्हा काढून बघितली पावती:
तूरडाळ, साबण, पाढे, घड्याळ.

मृण्मयी रडली नाही.
जेवताना कपाटावर बघत राहिली नुसती.
तिथं टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं,
आत थर्माकोल जसाच्या तसा,
नऊ वर्षांचा, चिकटपट्टी पिवळी पडलेली.
हे का ठेवलंय?
असू दे. जाताना लागेल.
म्हणजे हातचा? तिनं विचारलं.

मी ताटं उचलली.

जानेवारीत चारशे वजा एकशे शहात्तर.
एककाच्या घरात शून्य, मागायचं कुणाकडे?
दशकाच्या घरीही शून्य,
मग त्याच्या पलीकडे, शतकाच्या दारी.
तिथून एक सुटा करून आणायचा,
वाटेत दशकाकडे नऊ ठेवायचे.
ती जीभ बाहेर काढून खोडत होती,
मांजराच्या खोडरबरनं,
कान आधीच गेले होते मांजराचे.
दोनशे चोवीस आलं तेव्हा
माझाच श्वास सुटला.

तिला सांगितलं नाही की आम्हाला हे येतं.
पडद्यांना हातचा, सोफ्याला हातचा,
भिंतीला खिळा मारताना हातचा,
शेजारणीशी बोलतानासुद्धा
एखादं वाक्य मागं.

मग शाळेनं फलजचं मॉडेल मागितलं,
डोंगरातून खजुरांपर्यंत पाणी नेणारा पाट.
परवाला द्यायचं, हे तिला आठवलं
रात्री नऊ वाजता.
दुकानातला पुठ्ठा पातळ, आणि दुकानही बंद.
मी स्टुलावर चढले.

चिकटपट्टी टरकन निघाली.
टीव्हीच्या खोक्याचा डोंगर झाला,
थर्माकोलचा पाट,
मिक्सरच्या खोक्याची खजुराची बाग.
घरभर पांढरे मणी उडाले,
केसांत, वरणात,
देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णावरही दोन.

पहाटे संतोष आला,
बूट हातात, दारातच थबकला.
खोकं कापलंस?

हळू बोल, झोपलीय ती, मी म्हटलं.
हातचा विसरले.
विसरतात सगळीच.
ओरडायचं नाही.