निव्वळ

चक्केरपेटच्या वेशीवर रस्ता जिथे जरा उजवीकडे सरकतो
तिथे जमिनीत एक लोखंडी फळी बसवलेली आहे,
बैलांसकट उसाची गाडी पेलणारी.
तेलुगूतही तिला काटाच म्हणतात.
पायात मोडतो तो मात्र मुल्लू,
घड्याळात फिरतो तोही मुल्लूच.
लिंबाद्रीला तिन्ही ठाऊक.

एकतीस हंगाम तो या खिडकीशी बसला.
भरलेली गाडी, लिही. रिकामी गाडी, लिही.
वजाबाकी करून उरलं ते निव्वळ.
ऊसवाले पावती उन्हात धरून बघायचे,
जणू मागून आकडा वेगळा दिसेल.
एका रात्री पोशेट्टी रांगेतून ओरडला,
"लिंबन्ना, काटा मारतोस!"
हा उठला, बाहेर आला, फळीवर स्वतः उभा राहिला
आणि पोशेट्टीला खुर्चीत बसवून म्हणाला, "वाच."
एवढासा माणूस त्या काट्याला कळलाच नाही.
पोशेट्टीला आधी हसू आलं. मग सगळ्या रांगेला.

तेव्हा गावाला मळीचा वास होता.
बायका चिमणीकडे बघून लुगडी आत घ्यायच्या,
भोंग्यावर जोन्नरोट्टे तव्यावर पडायची,
आणि मुंग्या,
मुंग्या इतक्या की सायव्वा पाळण्याचे चारही पाय
पाण्याच्या वाट्यांत ठेवायची.

फॅक्टरी बंद झाल्याची नोटीस खळीने चिकटवली होती.
ती एका शेळीने खाल्ली.
पण तोवर वाचून झाली होती.

नऊ वर्षांनी भंगाराचा लिलाव झाला.
ठेकेदार हैदराबादहून आला, दोन फोन, एक छत्री.
काटा चालवणारा कोण, त्याने विचारलं,
आणि लिंबाद्री रोजावर पुन्हा त्याच खुर्चीत बसला.
बॉयलरची नळकांडी, चार टन दोनशे.
चिमणीचे पत्रे. साखरेच्या कढया, आतून अजून तांबूस.
तीन नंबरचा रोलर, आठ टन चारशे.
त्या रोलरने धाकट्या मल्लेशची दोन बोटं घेतली होती.
ती कुठल्या रकान्यात धरायची
हे त्याने थोडा वेळ खिडकीबाहेर बघत ठरवलं नाही.

एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती.
पहाटेच्या गारठ्यात हा काटा वीस किलो कमी दाखवतो.
एकतीस हंगाम तो ते वीस मनात मिळवून लिहीत आला,
प्रत्येक पहाटेच्या गाडीला, पोशेट्टीच्यासुद्धा.
सांगितलं असतं तर काटा खोटा ठरला असता,
न मिळवले असते तर तो स्वतः.

आताही मिळवले.
भंगाराच्या पैशांतून थकलेला पगार द्यायचं
कोर्टाने म्हटलं होतं. चौदा महिन्यांचा, दोनशे सहा जणांचा.
चौथ्या दिवशी ठेकेदाराने पावती उन्हात धरली.
"काटा मारतोस, म्हाताऱ्या."
या वेळी तो उठला नाही.
गुडघा दुखत होता, हे एक.
आणि रांगेत हसायला कुणी नव्हतं.

शेवटी फळीच काढायची उरली.
क्रेनने ती उचलली, ट्रकवर ठेवली,
आणि सगळे लिंबाद्रीकडे बघू लागले.
काट्याचं वजन कशावर करायचं?
"अंदाजे लिही," ठेकेदार म्हणाला,
"तीन टन लिही, नाहीतर साडेतीन, काय फरक पडतो!"
वहीत आजवर तो शब्द आलेला नव्हता.
त्याने तारीख घातली, ट्रकचा नंबर घातला,
पुढे पेन टेकवलं, तिथे शाईचा ठिपका वाढत गेला.

खाली खड्ड्यात, जिथे एवढी वर्षं ऊन पोचलं नव्हतं,
मुंग्यांची एक रांग चालली होती.
तोंडात काहीतरी पांढरं.
साखर असेल, किंवा अंडी असतील त्यांची.
तो वाकून बघत राहिला.
ट्रकने दोनदा हॉर्न दिला.