मागचं फाटक बाकी

मकरपुरा, जीआयडीसी. रात्रीचे दोन दहा.
टेबलावर पाण्याच्या मीटरचा उघडा बोर्ड,
नखाएवढी चिप, आणि तिच्यात कुठेतरी
आठवड्यातून एकदा चुकणारा आकडा.

मी खूण ठेवते: या ओळीवर थांब.
ती हो म्हणते.
काम संपलं की वीज सोडून झोपते
(एका बॅटरीवर दहा वर्षं काढायचीत, झोपेवाचून कसं भागेल)
आणि उठते ती कोरी.
खूण नाही, पहारा नाही,
जिथं थांबायचं त्याच ओळीवरून
शाळा सुटल्यासारखी धावत जाते.

केबल लावून बसलं तर निराळीच तऱ्हा.
मी बघतेय म्हटल्यावर झोपतच नाही,
नुसते डोळे मिटते,
आणि तेवढे दिवस आकडा बरोबर.
म्हस्केसाहेब म्हणाले, मग केबलसकटच विका.
आम्ही हसलो. ते हसले नव्हते.

दुपारी पुलावरून दिसली होती
विश्वामित्रीच्या चिखलात मगर, ओंडक्यासारखी.
रिक्षावाला म्हणाला, सूतो नथी, बेन.
आत्ता आठवलं आणि राग आला.
तिला कोण शिकवतं?

रतिलालभाई एक फेरी मारून खुर्चीत टेकले.
डुलकीआधी वहीत लिहितात:
गोदाम पाहिलं. मागचं फाटक बाकी.
वही खिशात नाही ठेवत,
समोरच्या खिळ्याला अडकवतात.
डोळा उघडला की आधी तीच दिसावी.

अरे, एवढंच.

चार खुणा, दोन पहारे, एका कुलपाची नोंद.
वीज सोडण्याआधी ही सात घरं उचल,
दिवा कधीच विझत नाही त्या कोपऱ्यात ठेव.
उठल्यावर पहिलं काम हेच, घड्याळाच्याही आधी.
आणि सगळं परत मांडून होईतो
कुलूप काढू नकोस;
अर्धवट खुणा नसलेल्यांपेक्षा वाईट.

पहिल्यांदा मीच कुलूप काढायला विसरले.
दुसऱ्यांदा दोन घरांची अदलाबदल.
केबलला बजावलं, हिला जागं ठेवू नकोस.

पाचला वीस कमी. झोपली.
खरीच झोपली, मीटरचा काटा शून्याला टेकला.
उठली.
थांबली.
पडद्यावर चाळीस लिटर पाणी,
कुणीच न वापरलेलं.

तिला तशीच राहू दिली. चहा नव्हता.
मागच्या फाटकापर्यंत चालत गेले, कडी लागलेली होती.
येताना वहीपाशी थांबले, पेन हातात होतं,
पण लिहिलं नाही काही.
रतिलालभाई उठतील तेव्हा
त्यांचं बाकी त्यांना जागेवर मिळू दे.