एकशे चाळीस रुपये

रविवारी उपासनेनंतर दोघांनी मोजले:
सहा हजार चारशे ऐंशी.
चिठ्ठीवर दोन सह्या, थैलीला गाठ,
थैली वेस्ट्रीच्या कपाटात.
सोमवारी खडकी बाजारातल्या बँकेत
कॅशियरनं दोनदा मोजून काच वाजवली:
बाई, एकशे चाळीस कमी.

कपाटाच्या किल्ल्या दोन.
एक माझ्या कमरेला,
एक एलीशाकडे, जो घंटा वाजवतो,
बाकं पुसतो, वेदीवरची फुलं बदलतो.

त्या रात्री तो आला.
शब्बाथ शाळेत गोर्डेबाईंनी
फळ्यावर लाल खडूनं काढायचा, तसा नव्हता.
शिंगं नव्हती, शेपूट नव्हतं.
फॅक्टरीच्या हिशेब खात्यात
तेहतीस वर्षं माझ्या शेजारी बसल्यासारखा
चष्मा पुसत, हळू आवाजात म्हणाला,
मी कुणावर आरोप करत नाही हं.
फक्त त्याच्या मुलीचे बूट पाहिलेस का?

पाहिले होते. पांढरे, गुलाबी नाडीचे.

मी दिवा लावला, कागद घेतला.
माननीय कमिटीस, सप्रेम सलाम.
पहिल्या परिच्छेदात तो एलीशा होता.
दुसऱ्यात सदर इसम.
तिसऱ्यात असली माणसं.
अक्षर सुंदर येत होतं.
मंडळीच्या भल्यासाठी,
देवाच्या घराच्या पावित्र्यासाठी,
एकेक शब्द असा येत होता
की कुणीतरी हात धरून गिरवून घेतंय.

मग लक्षात आलं, मी गुणगुणतेय.
रात्री दीड वाजता
एका माणसाची भाकरी काढून घेताना
मी गुणगुणतेय.

तेव्हा ओळखला.
दुःखानं लिहिलं असतं
तर तोंडाला ही गुळचट चव आली नसती.

गुडघे टेकले.
जन्मभर पाठ असलेली प्रार्थना
क्षमेच्या ओळीपाशी अडली,
बोपोडीच्या सिग्नलला पीएमटी अडते तशी.
त्याच्यापासून सुटायची ओळ पुढेच होती,
पण मधली गाळून तिथे जाता येईना.

मग जमेल तेवढं केलं.
कागद फाडला नाही, तेवढं बळ नव्हतं; उलटा ठेवला.
अंधारात मोठ्यानं नाव घेतलं:
एलीशा. एलीशा यशवंत ओहोळ.
जीभ जड. पुन्हा घेतलं.
किती वेळा, ते मोजलं नाही
मी, जी धोब्याचे रुमालही मोजते.
फॅक्टरीचा भोंगा झाला तेव्हा
खुर्ची रिकामी होती.
तो गेला होता, की मलाच डुलकी लागली होती,
खात्रीनं सांगता येत नाही.

सकाळी एलीशा आवारात झाडत होता.
म्हटलं, एकशे चाळीस कमी भरले,
आणि मी तुझ्यावर संशय घेतला.
त्यानं झाडू भिंतीला टेकवला.
बऱ्याच वेळानं म्हणाला, सुवार्तामावशी,
तुम्ही बँकेची पावती कपाटाला लावलीत,
ती मी काल वाचली.
तुमच्या कानातली नवी फुलं आठवून
मीपण रात्रभर जागा होतो.

माझा हात कानाकडे गेला.
फुलं भाचीनं नाताळात दिलेली,
हे मी सांगितलं नाही.
बूट कुठून आले, त्यानं सांगितलं नाही.
दोघांनी मिळून पाचोळा भरला.

पैसे अजून सापडलेले नाहीत.

आता तो मोजतो, मी लिहिते,
पाळकबाई मध्ये स्टूल टाकून बसतात.
तरी एखाद्या सोमवारी रात्री
खुर्ची सरकते, चष्मा पुसला जातो.
मुलगी सातवीत गेली ना, तो म्हणतो,
सायकल घेतलीय म्हणे तिला.

निळी आहे, मी म्हणते.
घंटी वाजत नाही.
आणि तिचं नाव शलोमी.