वाडीचा प्रसाद

पद्मावतीला बस थांबली तेव्हा साडेपाच वाजले होते.
डिकीतून बॅग ओढून काढत हेरंब म्हणाला,
"लक्षात आहे ना? नृसिंहवाडी."
मी पिशवी वर करून दाखवली.
साताऱ्यापाशी, चहाच्या थांब्यावर,
पहाटे तीनला घेतलेले अर्धा किलो कंदी पेढे.
प्रसाद.

लिफ्टपाशीच उकिडवेकाकू, हातात दुधाची पिशवी.
"श्रावणात वाडी! पुण्यवान हो तुम्ही.
पाणी कुठवर होतं?"
"काठोकाठ," हेरंब म्हणाला.
खोटं नव्हतं ते. मांडवी काठोकाठच होती
आणि तिच्यावर ते जहाज उभं,
मंगल कार्यालयासारखं नखशिखांत उजळलेलं.
"आणि रांग?"
"दीड तास," मी म्हणाले.
तीही होतीच. रात्री अकराला, धक्क्यावर,
मनगटाला कागदी पट्टा बांधून घ्यायला.
काकूंनी पेढा आधी कपाळाला लावला.
मी लिफ्टचे आकडे बघत राहिले,
दोन, तीन, तीनवरच का थांबली ही.

एकवीस वर्षं राहते मी या माणसाबरोबर.
रिक्षावाल्याकडून सुटे दोन रुपये हातात पडल्याशिवाय
हा खाली उतरत नाही.
सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख मांडतो.
तो त्या हिरव्या टेबलाला टेकून उभा होता
आणि मी त्याला ओळखलं नाही.
शर्ट ओळखला, मीच इस्त्री केलेला.
चेहरा नाही.
चाक फिरत होतं, पांढरी गोळी टकटकत होती,
ओठ मुडपून तो असा बघत होता
जसा मुक्ताच्या वेळी
ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघत असेल.
तेव्हा मी आत होते.
मला दिसलं नव्हतं ते.

हाक मारली नाही.
कोपऱ्यातल्या एका मशीनपुढे जाऊन बसले,
मटार सोलावेत तशी बटणं दाबत,
डोक्यात काहीच नाही,
आणि ते एकदम काकड आरतीसारखं वाजायला लागलं.
अकरा हजार चारशे.
मी आधी पर्स छातीशी धरली,
मग आजूबाजूला बघितलं.

सोमवारी रात्री त्याने हिशेबाची वही काढली.
"किती हरलास?"
"दोन."
कानाची पाळी लाल.
चार वेळा काउंटरवर जाताना मी मोजला होता त्याला.
"आणि तू?"
"मी कुठे खेळले? बघत होते नुसती."
त्याने लिहिलं: वाडी, प्रवास व किरकोळ.

शर्टाच्या खिशात एक लाल चकती राहून गेली होती,
शंभराची, इथे कुठेच न चालणारी.
वॉशिंग मशीनचा एक पाय डुगडुगायचा,
त्याखाली बरोब्बर बसली.

मग मी सुरू केलं.
आधी राखाडी पँटच्या चोरखिशात पाचशे,
मग रेनकोटात शंभराच्या दोन,
एकदा पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये, अगदी घडी घालून.
तो नोट नाचवत स्वयंपाकघरात यायचा,
"बघ! मीच ठेवली असणार कधीतरी!"
आणि माझ्याकडे असं बघायचा
जणू मी त्याच्यावर कधी विश्वासच ठेवला नव्हता.

मार्गशीर्षात माझे अकरा हजार चारशे संपले.
थांबायला हवं होतं.
धन्याचा भाव बघून जुडी परत ठेवणारी बाई मी.
आता टाकते ते माझ्या पगारातले.

काल उकिडवेकाकू विचारत होत्या,
पुढच्या वेळी वाडीला जाल तेव्हा आम्हालाही सांगा.
हेरंब माझ्याकडे न बघता म्हणाला, "होळीला बघू."
तीन दिवस सुट्टी आहे होळीला. त्याने आधीच पाहिलंय.

इस्त्रीचं टेबल मी हल्ली
कपाटाच्या समोर लावते.
तो सकाळी पँट निवडतो, खिशात हात घालतो,
हात आत असतानाचा तो एक क्षण,
ओठ मुडपलेले.
इथून नीट दिसतो.