यष्टी चुकली काय

बुरोंडीच्या चढावर
काजूबोंडांची पाटी डोक्यावर घेतलेली बाई थांबते,
माझ्याकडे बघते, सायकलकडे बघते,
परत माझ्याकडे.
"काय ओ, यष्टी चुकली काय?"

सव्वीस वर्षं हीच यष्टी हाकली, बाये,
एवढं सांगायला दम लागतो,
आणि दम तर चढाकडे गहाण.
मी नुसती मान हलवतो. हो. चुकली.

सायकल पुण्याच्या एका पोराची.
तो जर्मनीला गेला, ही अर्ध्या किमतीत माझ्याकडे आली.
टायर अंगठ्याएवढा, सीट अडकित्त्यासारखी,
गिअर बावीस.
बसला पाच होते, त्यातला तिसरा अडायचा.
अजून चढ लागला की डावा हात
खाली जातो, दांडा शोधतो,
मूठभर हवा घेऊन परत येतो.

रस्ता समुद्राकाठून जातो म्हणे.
नकाशात जात असेल.
खरा रस्ता जातो खाडीत, मग सड्यावर,
मग खाडीत, मग सड्यावर.
वर जांभ्याची तापलेली परात,
सावलीला करवंदीची जाळी, तीही गुडघ्याएवढी.
तिथे समुद्र दिसतो,
शेजारणीने वाटी परत करावी तसा:
दारातूनच, आणि लगेच आत.
मग उतार.
पाऊण तास घाम गाळून जमवलेली उंची
चार वळणांत उडते.
ब्रेकच्या रबराचा वास. सुक्या बांगड्यांचा वास.
खाली पूल, चिखलात एका पायावर बगळा,
आणि पुन्हा पहिल्यापासून.

हे माहीत नव्हतं असं नाही.
कुठल्या वळणाला किती हॉर्न, तोंडपाठ होतं.
पण ते इंजिनाला माहीत होतं.
मांड्यांना आत्ता कळतंय.

सोमजाईच्या राईत चेन पडली.
हात काळे करून बसवली, आणि उठताना दिसला
डावीकडचा तो ऐन.
अठ्ठ्याण्णव साली समोरून चिऱ्यांचा ट्रक आला,
मी गाडी आत घेतली,
टपाच्या कडेने त्याची हातभर साल काढली.
मला मेमो मिळाला,
पगारातून एकशे चाळीस रुपये गेले.
जखम आता मिटलीय, म्हाताऱ्याच्या ओठांसारखी.
हात लावायला गेलो. पुरला नाही.

तिथून नजर वर गेली
आणि जातच राहिली.

सव्वीस वर्षं मी या राईची फक्त खोडं बघितली.
ड्रायव्हरच्या काचेला वर एक पट्टी असते,
तिच्यावर देवीचा फोटो, झेंडूचा हार, लिंबू-मिरची.
त्याच्या वरती झाड चालू राहतं
हे मला कोणी बोललं नाही.
ऐन, किंजळ, बेहडा,
एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून
कुठेतरी समुद्र बघत असलेले.
प्रवाशांना दिसत असणार, खिडकीत मान वाकडी करून.
पण माझ्या पाठीमागेच लाल अक्षरांत लिहिलेलं:
वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.

ककणेराची जोडी निघाली,
पंखांचा आवाज थेट एअरब्रेक सोडल्यासारखा.
माझा पाय आपोआप क्लच शोधू लागला.

दाभोळच्या जेटीवर शिगवण.
माझा कंडक्टर, चौदा वर्षांचा,
रिटायर झाल्यावर आता फेरीबोटीची तिकिटं फाडतो.
"माणूस एक, सायकल एक. सुट्टे काढ."
कसा आलास, का आलास, काही नाही.
मी पन्नासची नोट दिली आणि विचारलं,
"शिगवण, सोमजाईच्या राईत
तू कधी वर बघितलंस?"

बोटीचा भोंगा झाला.
पलीकडे धोपाव्याचा चढ उन्हात उभा होता.
"रोज," शिगवण म्हणाला,
आणि उरलेले सहा रुपये
तिकिटाच्या पाठीवर लिहून दिले.