सूचनांच्या कागदावर

शनिवारी दिवेलागणीला सेक्रेटरी मकासऱ्यांचा मुलगा दारात:
"पाळकीणबाई, उद्याच्या सूचना. सकाळी नेतो."
तीन लिहून झाल्यात.
बुधवारची घरगुती प्रार्थना रेल्वे क्वार्टरमध्ये, अस्वल्यांकडे.
दफनभूमीच्या कुंपणाची वर्गणी.
महिला संघाने भांडी मोजून परत करावीत,
दोन पराती कमी आहेत.
चौथी माझी:
पाळकसाहेब उद्याही उपासनेस येऊ शकणार नाहीत, कारण

कारण.
पेनाचं टोक तिथंच टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा होतोय.

ताप लिहिलं. खोडलं.
मागच्या साली मोंढ्याजवळ स्कूटर घसरली, पाय मोडला,
तेव्हा जुन्या जालन्यातून डबे आले,
लेकरांनी प्लास्टरवर सह्या केल्या.
या वेळी काय मोडलंय, ते कुठं आहे,
सही कुणी कुठं करायची?

नऊ दिवस भिंतीकडे तोंड.
बायबल उशाशी, चष्मा त्यावर पालथा.
परवा एकदाच बोलले:
"करुणा, प्रार्थनेला बसलो की
आतून नुसती हवा येते.
कंपाउंडातल्या हापशासारखी."
बऱ्याच वेळानं:
"आणि लोक घागरी घेऊन रांगेत उभे."

त्या साथीच्या साली एका महिन्यात
चौदा माणसं मातीला दिली यांनी.
चौदा वेळा घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले,
आणि रविवारी कुणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला
हसले. मी बघितलंय ते हसू.
तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं मी.

मंडळीला सांगितलं तर काय म्हणतील, आताच ऐकू येतं.
विश्वास कमी पडला.
घरात काही लपवलेलं असेल.
एल्डर निर्मळ तर येऊनच गेले.
पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून
चाळीस मिनिटं मोठ्यानं देवाला सांगत होते,
याला उठव.
यांनी पांघरूण डोक्यावरून ओढलं.
मी चहा केला, दोन कप.
एल्डरांनी दोन्ही पिले.

मी सेमिनरी शिकलेली नाही.
भाकरी थापता थापता जेवढं वाचता येतं तेवढं वाचते.
मार्कात एक उशी आहे.
तारू पाण्यानं भरत चाललंय, सगळे ओरडतायत,
आणि तो मागच्या बाजूला
उशीवर डोकं ठेवून झोपलाय.
दिवसभर लोकांशी बोलून बोलून दमला असेल.
वादळावर प्रवचनं होतात, वारा थांबला त्यावर होतात,
उशीवर एकही ऐकलं नाही मी.
कुणीतरी भरली असेल ना ती,
कुणीतरी आठवणीनं तारवात टाकली असेल.
नाव लिहिलेलं नाही.

रात्री दोनला नळ आले, पंधरा दिवसांनी.
सगळी गल्ली भांड्यांनी वाजायला लागली.
ड्रम, घागरी, बादल्या, मी एकटी आत-बाहेर,
कागद टेबलावर तसाच.
वळून बघते तर हे अंगणात,
बनियनवर, अनवाणी,
पाइप ड्रमात सोडून उभे.
बोलले नाहीत. मीही नाही.
ड्रम भरला. पाइप दुसऱ्यात टाकला.
तोही भरत आला तेव्हा पाइप माझ्या हातात देऊन
परत जाऊन झोपले.
भिंतीकडेच तोंड.

हालेलुया म्हणायची मला घाई नाही.

ओल्या हातानं कागद ओढला,
कारणच्या पुढं लिहिलं:
त्यांचं मन आजारी आहे. सोमवारी डॉक्टरला दाखवणार आहोत.
भेटायला या, पण हळू या.
उभं राहून प्रार्थना नको, बसा.
त्यांच्या वाटची प्रार्थना काही दिवस
आपापल्या घरी तुम्ही करा.
आणि ज्यांना स्वतःचीही जमत नाहीये

इथं पेन थांबलं. कितीजण असतील?
तिसऱ्या बाकावरची रोझलीन, गेले सहा महिने
नुसते ओठ हलवते.

त्यांनी मागच्या दारानं यावं. कडी नसते.

मग खाली, उरलेल्या जागेत:
पराती सापडल्या.
आमच्याच घरी होत्या.